बसप्पाची ‘कावून’ वही

युसूफ वडगावच्या बाजारापासून दीड कोसावर आमचं गाव. गावाला नळाचं पाणी चौथ्या दिवशी येतं आणि ते सोडतो बसप्पा मिटकरी. तलावाखालच्या विहिरीतून मोटारीनं टाकी भरायची, मग खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून सात गल्ल्यांचे सात वाल एकामागून एक उघडायचे आणि बंद करायचे. हे काम तो अठ्ठावीस वर्षं करत आलाय. ग्रामपंचायतीच्या कागदावर तो शिपाई आहे. लोकांच्या तोंडी पाणीवाले बसप्पा, आणि पाठ फिरली की फटाका.

फटाका म्हणायला कारणही तसंच होतं. “आज पाणी जरा कमीच आलं” एवढं कुणी म्हटलं की बसप्पा पेटायचा. एकदा शाळेतल्या मास्तरांनी सहज विचारलं, “उद्या किती वाजता सोडणार?” तर चौकात उभा राहून म्हणाला, “मी काय तुमचं घड्याळ हाय का?” मास्तर महिनाभर त्याच्या वाटेनं गेले नाहीत. घरी जगदेवीकडून, म्हणजे बायकोकडून, वरणात मीठ कमी पडलं तरी ताट भिंतीपर्यंत सरकायचं. पण कामात कुचराई नव्हती. अंगात ताप असतानाही तो पाणी सोडून आलेला गावानं पाहिलाय. त्यामुळं त्याची स्वतःबद्दल पक्की खात्री होती. “तोंड वाईट असंल माझं, पण आजपत्तूर कुणाचं वाकडं केलं न्हाई,” असं तो शपथेसारखं म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी, संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. बसप्पा माळगल्लीच्या वालाशी वाकला होता. माळगल्ली म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला, मुरमाड उंचवट्यावर वसलेली चोपन्न घरं. पाण्याची ओरड तिथं कायमचीच. वच्छलाबाई घागर कमरेवर घेऊन समोर येऊन उभ्या राहिल्या. साठी ओलांडलेली बाई, गुडघ्यांनी अधू झालेली, पण आवाज कडक.

“बसप्पा, हे पाणी हाय का थुकी? दोन घागरी झाल्या की नळ नुसता सूं सूं करतोय.”

“माळावर पाणी चढत न्हाई, वच्छलाबाई. किती बार सांगायचं?”

“चढत न्हाई, का तुमी चढू देत न्हाई? वाल पुरा फिरवीतच न्हाई तुमी.”

झालं. बसप्पानं चावी दगडावर आपटली. “सव्वीस वर्सं! सव्वीस वर्सं गावाला पाणी पाजलं, अन् मला बेइमान म्हणता?” पुढचं त्याला बोलता आलं नाही. डोळ्यांपुढं अंधारी आली. तो आधी खाली बसला आणि मग आडवाच झाला. ज्या बाईशी भांडत होता तिनंच घागरीतलं सगळं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं आणि हाका मारून जीप बोलावली.

केजच्या एका दवाखान्यात डॉक्टर सुकन्या होत्या, तिशीतल्या. त्यांनी हाताला पट्टा गुंडाळून रक्तदाब पाहिला. एकशे नव्वद. गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं आणि विचारलं, “राग फार येतो का?”

बसप्पाच्या आधी जगदेवीच म्हणाली, “बाई, राग येत न्हाई, राग जात न्हाई.”

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, “एक काम करा. राग आला की वहीत लिहायचं. किती वाजता आला, कोणावर आला, काय झालं आणि कशामुळं. महिन्यानं वही घेऊन या.”

बाहेर येताच बसप्पा म्हणाला, “ही डाक्टर हाय का मास्तरीण?” पण माळगल्लीच्या दगडांवर आडवं पडल्याची धास्ती मनात होती. त्याची मुलगी शिवांजली केजला कॉलेजात शिकत होती. तिनं दोनशे पानी वही आणली आणि पट्टीनं चार रकाने आखले. वेळ, कोणावर, काय झालं. चौथ्या रकान्यावर ‘कशामुळे’ लिहिण्याऐवजी तिनं आपल्या घरातला शब्द लिहिला, ‘कावून’.

पहिल्या आठवड्यात वहीची सात पानं भरली. सकाळी साडेसात, शहादेववर, नळाला तोटी बसवत न्हाई, कावून: तो गाढव हाय. दुपारी बारा, जगदेवीवर, चहा गार, कावून: ध्यान न्हाई. संध्याकाळी सहा, माळगल्लीवर, खामखा बोंबलतेत, कावून: जातच तसली.

शिवांजलीनं वही चाळली आणि वडिलांसमोर ठेवली. “अप्पा, हे समदं त्यांचं कावून झालं. शहादेवकाकाचं, आईचं, माळगल्लीचं. तुमचं कावून कुठं हाय?”

“माझं कसलं कावून? राग त्यांनी आणला.”

“आणला त्यांनी असंल. पण आला तुमाला. त्याच वक्ताला आई पण हितंच होती, तिला कावून आला न्हाई?”

बसप्पानं वही मिटली. त्या दिवसापासून चौथा रकाना रिकामा राहू लागला. बाकीचे तीन भरायचे आणि चौथ्याशी हात थांबायचा. सकाळी अंघोळ करून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन तो पूजेला बसायचा. लहानपणापासून नेम होता. नजर तळहातावर असायची आणि मन वालापाशी. आता मन त्या रिकाम्या रकान्यापाशी जाऊन बसू लागलं.

पहिलं खरं उत्तर सापडायला अठरा दिवस लागले, आणि तेही चहावरूनच. त्या दिवशी ग्रामपंचायतीत एका साहेबांनी त्याला पाऊण तास ताटकळत उभं ठेवलं होतं, बस म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. तो काही न बोलता घरी आला, जगदेवीनं चहा दिला आणि पहिल्याच घोटाला त्यानं कप आदळला. वही उघडली, तीन रकाने भरले. चौथ्याशी थांबला. मग सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहिलं: ‘तिथं बोलता आलं न्हाई म्हून हितं बोललो.’

लिहून झाल्यावर तो बराच वेळ त्या ओळीकडं बघत बसला. चहा गार नव्हताच. उठून स्वयंपाकघरात गेला आणि दारातूनच म्हणाला, “चहा चांगला होता.”

जगदेवी वळली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, असं वाक्य तिनं ऐकलं नव्हतं. तिनं पहिल्यांदा विचारलं, “आवो, गोळी घेतली का तुमी?”

तिथून पुढं गाडी मार्गाला लागली. रोज जमायचं असं नाही. कधी चार दिवस खोटं लिहायचा, पाचव्या दिवशी स्वतःच खोडायचा. ‘भूक लागलती.’ ‘त्याचं बरोबर होतं, मला पटलं होतं, पण चारचौघांत म्हटला.’ ‘कायबी कारण न्हाई, सवय.’ महिन्यानं डॉक्टरांनी वही वाचली. रक्तदाब थोडा उतरला होता. त्या एवढंच म्हणाल्या, “आता एकदा पहिल्यापासून सगळं सलग वाचा.”

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, लाइट गेलेली असताना, बसप्पा ओट्यावर वही घेऊन बसला. वाचता वाचता एक गोष्ट त्याला टोचायला लागली. कामात खोट काढणाऱ्यावर राग येतो, हे तर ठीक. पण खोटी खोट काढली तर तो हसण्यावारी नेत होता. “बसप्पा सकाळी झोपतो” असं कुणी म्हटलं तर वहीत नोंदच नव्हती, कारण ते खोटं होतं. अंगाची लाही व्हायची ती खरं बोलणं ऐकून. आणि सगळ्यात जास्त वेळा वहीत एकच नाव होतं, वच्छलाबाई.

मग मनात विचार आला तसा तो दचकला. खोटं बोलण्याचा राग येत नसेल, तर या बाईचा एवढा राग कावून?

दुसऱ्या दिवशी माळगल्लीची पाळी होती. बसप्पानं चावी वालावर बसवली. एरवी हात आपला आपण फिरायचा आणि आपला आपण थांबायचा. त्या दिवशी त्यानं फेरे मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. हात थांबला. त्यानं हाताला पुढं रेटलं. सहा झाले, सात झाले. वाल गंजानं करकरला, पण फिरत राहिला. बाराव्या फेऱ्याला टेकला. म्हणजे पुरा वाल बारा फेऱ्यांचा, आणि तो पाचच देत होता.

वालाच्या खड्ड्याच्या काठावर बसून तो आठवू लागला. कधीपासून? आणि आठवलं. एकोणीस वर्षांपूर्वी माळगल्लीची जुनी पाइपलाइन फुटली होती आणि वच्छलाबाईंचे मालक विठ्ठलराव भर चौकात, शे-दीडशे माणसांत म्हणाले होते, “ह्याला जनावरं राखायला ठेवा बे, पाणी सोडायची अक्कल न्हाई ह्याला.” गाव हसलं होतं. दुसऱ्या दिवसापासून बसप्पानं पाच फेऱ्यांवर हात आवरला. पाइप पुन्हा फुटू नये म्हणून, असं तो स्वतःला सांगत होता. पुढं दोन वर्षांत लाइन नवी झाली, जाड पाइप आला. पाच फेरे तसेच राहिले. पुढं पुढं त्याला त्याचं कारणही आठवेनासं झालं. माळावर पाणी चढत नाही, हे तो लोकांना सांगता सांगता स्वतःही खरं मानू लागला होता.

विठ्ठलराव जाऊन सहा वर्षं झाली होती. माणूस गेला, पण वैर बसप्पाच्या मनगटात जागं होतं.

त्यानं घरी येऊन जगदेवीला सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, “आता बारा फेरे द्या अन् मोकळे व्हा. कुणाला कळतंय?”

त्यालाही ते बरं वाटलं. त्यानं तसंच केलं. पुढच्या पाळीला माळगल्लीत पाणी असं उसळलं की बाया दारात येऊन बघू लागल्या. वच्छलाबाईंनी सुनेच्या, तुळजाबाईच्या हाती गरम धपाटे आणि दही पाठवलं. “आत्याबाईनी सांगितलंय, बसप्पाच्या आजारपणात देव पावला म्हणावं आमाला.”

बसप्पानं धपाट्याचा घास मोडला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही. त्या दिवशी वहीत त्यानं लिहिलं: ‘आज राग आला न्हाई. लाज आली. तिला रकाना न्हाई.’

आणि सकाळची पूजा झाल्यावर, पोटात काही न घालता, तो माळगल्लीकडं निघाला.

वच्छलाबाई अंगणात नळाच्या खड्ड्यात उतरून साचलेला गाळ काढत होत्या. हा खड्डा माळगल्लीत घरोघर होता. वरपर्यंत पाणी चढायचं नाही, म्हणून लोकांनी नळाभोवती कमरेएवढे खड्डे खणून तोटी खाली नेली होती. बायका पाण्याच्या दिवशी वीस-वीस वेळा त्यात उतरायच्या, चढायच्या. बसप्पाची नजर त्या खड्ड्यावर गेली आणि मग वच्छलाबाईंच्या गुडघ्यांवर.

“वच्छलाबाई, तुमी खरं म्हणत होत्या. मी वाल पुरा फिरवीत नव्हतो.”

त्या खड्ड्यातूनच म्हणाल्या, “म्हंजे?”

त्यानं काही न लपवता सांगितलं. चौकातलं बोलणं, पाच फेरे, बारा फेरे. ऐकता ऐकता वच्छलाबाई वर आल्या. सून दारात थबकली.

“एकोणीस वर्सं,” त्या म्हणाल्या. “मालकानी बोललं एक बार, अन् डोक्यावर घागर मी व्हायली एकोणीस वर्सं?”

“व्हय.”

“ह्या गुडघ्याचं काय करू मी आता?”

एरवी अशा वेळी बसप्पाच्या अंगात आग उठायची. आज तो उभा राहिला आणि सगळं ऐकून घेतलं. त्या खूप बोलल्या. दम लागला तेव्हा थांबल्या आणि म्हणाल्या, “माफी मला एकटीला मागून भागत न्हाई. चोपन्न घरांचं पाणी हाय हे. चोपन्न घरांम्होरं सांगा.”

“सांगतो,” तो म्हणाला.

एक मेची ग्रामसभा जवळ आली होती. सरपंच विजयसिंह यांना त्यानं आधी जाऊन सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. “बसप्पा, कशाला मोहोळाला हात घालता? लोकं तुमची नोकरी ठेवायची न्हाईत. अन् उद्या मला म्हणतील, सरपंच झोपला होता का? पाणी येतंय ना आता? मग गप ऱ्हावा.”

“साहेब, पाऊस माझ्या हातात न्हाई. विहीर न्हाई, लाइट न्हाई. फेरे तेवढे माझ्या हातात होते. तेच मी चुकविले. आता बोलणं तेवढं हातात हाय, तेबी चुकवू का?”

एक मेला सकाळी मारुतीच्या पारासमोर सभा भरली. माळगल्लीच्या बाया कधी नव्हे त्या पुढं बसल्या होत्या. झेंडावंदन झालं, विषय वाचून झाले आणि बसप्पा उठला. खांद्यावरची चावी त्यानं टेबलावर ठेवली. त्याचा आवाज चढला नाही, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं.

“मी एकोणीस वर्सं माळगल्लीचं पाणी दाबलं,” त्यानं सुरुवात केली, आणि पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं. विठ्ठलरावांनी अपमान केला, हे सांगताना त्यानं एक वाक्य जोडलं, “ते बोलले ते त्यांचं. पाणी दाबलं ते माझं.”

सभेत एकच गलका झाला. शहादेव उठून ओरडला, “काढून टाका बे ह्याला! आमच्या गल्लीचंबी मोजलं पायजे!” दुसरा म्हणाला, “पोलिसात द्या.” विजयसिंह हात वर करून थकले. बसप्पा मान खाली घालून नाही, तर समोर बघत उभा होता. “चावी टेबलावर हाय,” तो म्हणाला. “गाव म्हणंल तसं.”

तेव्हा वच्छलाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. त्यांचं नुकसान सगळ्यात जास्त, म्हणून गाव गप्प झालं.

“माझा राग गेला न्हाई अजून,” त्या म्हणाल्या. “जाईल तवा जाईल. पण मी इचारते, हितं बसलेल्यांपैकी आपली चूक आपुन मोजून, आपुन होऊन सांगितलेला दुसरा माणूस दावा मला. एक दावा.” त्यांनी सगळीकडं नजर फिरवली. “नवा माणूस आणाल तर तो काय देवळातून येणार हाय? ह्याला आता ठाव हाय आपला हात कुठं थांबतो. चावी ह्याच्याकडंच राहू द्या. पण फेरे मोजू आमी.”

तिथल्या तिथं ठरलं. प्रत्येक वालाच्या शेजारी भिंतीवर रंगानं फेऱ्यांचा आकडा आणि वेळ लिहायची. पाणी सोडताना त्या गल्लीतल्या दोन बाया उभ्या राहून मोजतील. शहादेवच्या म्हणण्याप्रमाणं सातही वाल तपासले. आणखी एका गल्लीचा वाल अर्धा गंजलेला निघाला, तो बदलला. दोन चौकांत पाइपची गळती सापडली. ज्यांच्या घरी तोटी नव्हती, त्यांनी लाजेकाजेनं तोट्या बसवल्या. शहादेवनंही बसवली. वाया जाणारं पाणी थांबलं तसं टाकीत उरू लागलं, आणि त्याच मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, गावाला पाणी चौथ्याऐवजी तिसऱ्या दिवशी मिळालं. दरवर्षी माळगल्लीत टँकर यायचा. त्या साली आला नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात माळगल्लीनं खड्डे बुजवायला काढले. सकाळपासून मुरूम वाहिला जात होता, घमेली या हातातून त्या हातात फिरत होती, पोरीबाळी मातीवर नाचून ती दाबत होत्या. बसप्पाही घमेलं घेऊन गेला. वच्छलाबाईंच्या अंगणातल्या खड्ड्यात त्यानं पहिलं घमेलं टाकलं. पाइप वाढवून नळाची तोटी पुन्हा कमरेच्या उंचीवर आणली. तुळजाबाईनं ती फिरवली तर धार बादलीच्या पार पलीकडं जाऊन पडली आणि सगळी गल्ली ओरडली. वच्छलाबाईंनी उभ्या उभ्याच, न वाकता, त्या पाण्यानं तोंड धुऊन घेतलं. चोपन्न घरांचे चोपन्न खड्डे तीन दिवसांत बुजले.

बसप्पाचा स्वभाव एका उन्हाळ्यात साधूचा झाला, असं कुणी समजू नये. राग येतोच. पण आता तो आला की बसप्पा त्याला दारातच अडवून विचारतो, तू कुणाचा, कुठनं आलास. कधी कधी विचारेपर्यंत तो घरात शिरलेला असतो. मग जगदेवी म्हणते, “वही आणू का?” आणि दोघंही हसतात. केजच्या डॉक्टरांनी परवा पट्टा सोडताना दोनदा आकडा पाहिला. एकशे बत्तीस.

पुढच्या पावसाळ्यात तालुक्याला गावोगावच्या पाणी सोडणाऱ्यांची बैठक झाली. चाळीसेक माणसं होती. अधिकाऱ्यांनी बसप्पाला बोलायला उभं केलं. त्यानं आपली गोष्ट सांगितली, तेव्हा मागच्या रांगेतून हसण्याचे आवाज आले. बसप्पा चिडला नाही. म्हणाला, “हसा. पण उद्या आपापल्या वालावर जाऊन एक बार मोजा, अन् हात जिथं थांबला तिथं थांबून इचारा, कावून.” बैठक सुटल्यावर सिदू नावाचा एक तरणा माणूस त्याच्या मागं बसस्टँडपर्यंत आला. बराच वेळ घुटमळला आणि म्हणाला, “मामा, माझ्या चुलत्याच्या गल्लीला मी पंधरा मिनिटं कमी देतो. जमिनीचं भांडण हाय आमचं.” बसप्पानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “हे बोललास ना, अवघड होतं ते झालं. आता वाल फिरवायला काय ताकद लागती?” दोन महिन्यांनी सिदूचा फोन आला. चुलत्यानं त्याला घरी जेवायला बोलावलं होतं.

यंदाच्या वैशाखात वच्छलाबाईंच्या नातीचं, संस्कृतीचं लग्न झालं. माळगल्लीतली लग्नं कित्येक वर्षं खालच्या शाळेच्या पटांगणात व्हायची, कारण वर सातशे माणसांना पाणी पुरवणार कोण? हे लग्न दारात झालं. माळावर मांडव पडला, चुलाणं पेटली, तांब्याची मोठी पिंपं तोंडापर्यंत भरून ठेवली. नवरदेवाकडच्यांना टोप्या-उपरणी देऊन झाली, तसं वच्छलाबाईंनी माइकवाल्याकडून नाव पुकारायला लावलं, “बसप्पा मिटकरी यांनी मांडवात यावं.”

तो घाबरत आला. वच्छलाबाईंच्या थोरल्या मुलानं त्याच्या डोक्याला लाल फेटा बांधला. गावानं टाळ्या वाजवल्या, शहादेवनं शिट्टी घातली. वच्छलाबाई जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “बसप्पा, गेला बरं का आता.”

“काय गेला?”

“राग.”

बसप्पाचे डोळे भरले. त्यानं ते लपवले नाहीत. पहिली पंगत बसली होती. वाढप्याच्या हातातला पाण्याचा जग त्यानं मागून घेतला आणि फेटा सावरत पंगतीत शिरला. दर पानापाशी वाकून विचारत राहिला, “पाणी? पाणी घ्या. पोटभर घ्या, माळावर कमी न्हाई.”